घरांचे फोटो काढणाऱ्या आम्ही चौघी

आम्ही चौघी वसईहून आलो आहोत. माइकसमोर एकच जण बसली आहे, बाकीच्या तिघी काचेपलीकडून हातवारे करतायत. पण काय बोलायचं ते चौघींनी मिळून ठरवलंय, म्हणून सगळं ‘आम्ही’ म्हणूनच सांगणार.

गटाच्या बैठकीत नेहमी एक प्रश्न निघतो. पापड, लोणचं, शिवणकाम, गोधड्या हे सगळं झालं, आता आणखी काय करायचं? आमच्याही गटात हाच प्रश्न निघाला होता. आमचा गट बारा जणींचा. वसईच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमधल्या आम्ही बाया. कुणी भाजी, केळी नि फुलं घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जायची, कुणी घरी ब्लाऊज शिवायची, एक शिकवण्या घ्यायची. आणि एक जण नालासोपाऱ्याला लग्नाच्या फोटोंच्या स्टुडिओत अल्बम लावायचं काम करायची. कॅमेरा हातात धरायला तिनेच आम्हाला शिकवलं. आज आम्ही चौघी इस्टेट एजंटांसाठी घरांचे फोटो काढतो. विकायचं घर, भाड्याने द्यायचं घर, दुकानाचा गाळा, कधी सोसायटीचं गेट नि बाग. नोकरी कुणाकडेच नाही. ज्याचं काम असेल त्याचं करायचं, घरामागे पैसे घ्यायचे.

सुरुवात झाली २०२० साली, टाळेबंदीत. लग्नं थांबली, स्टुडिओ बंद पडला. पण घर बदलणं काही थांबलं नव्हतं. भाडं परवडेना म्हणून किती तरी कुटुंबं लहान जागा शोधत होती, आणि घर बघायला मात्र कुणी कुणाच्या दारात जायला तयार नव्हतं. आमच्या ओळखीचा एक एजंट म्हणाला, “ताई, फोनवर घर दाखवता येईल असे चार फोटो नि एक व्हिडिओ काढून द्या ना.” त्या पहिल्या घराचे त्याने २०० रुपये दिले. फोटो वाकडे आले होते, कपाटाच्या आरशात आमची मैत्रीण स्वतःच दिसत होती. तरी घर चार दिवसांत गेलं.

तुम्ही वाडा, विक्रमगड, डहाणूकडच्या असाल तर आमच्या भागाचा पसारा कदाचित डोळ्यांसमोर येणार नाही. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपालिका नि आजूबाजूची गावं एकत्र करून ३ जुलै २००९ ला महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १२ लाखांवर होती. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणूस एकेक स्टेशन पुढे सरकत येतो, नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार. त्यामुळे गल्लीगल्लीत एजंटाचं दुकान. पूर्वी काचेवर हाताने लिहिलेले कागद चिकटवलेले असायचे, ‘वन बीएचके, सेल’, ‘वन आरके, हेवी डिपॉझिट’. अजूनही असतात. पण गिऱ्हाईक आधी फोनवर फोटो बघतं, मग पायरी चढतं.

आता हे काम करतात कसं, ते सांगतो. यात गूढ काही नाही, पण बारकावे फार आहेत.

पहिल्या वर्षी आम्ही फोनवरच काम केलं. नंतर गटातून शेकडा २ रुपये दराने कर्ज घेतलं आणि जुना कॅमेरा, रुंद दिसणारी लेन्स नि तिपाई असं ३२ हजारांत घेतलं. कॅमेऱ्यापेक्षा तिपाईने जास्त फरक पडला, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. हातात धरलेला कॅमेरा जरा वर किंवा खाली झुकतो, आणि झुकला की फोटोत भिंती पडल्यासारख्या दिसतात. तिपाईवर कॅमेरा छातीच्या उंचीला लावायचा, अगदी सपाट. स्वयंपाकघरात थोडा वर, म्हणजे ओटा पूर्ण दिसतो. खोलीच्या कोपऱ्यातून किंवा दारातून फोटो घ्यायचा, खिडकी एका बाजूला येईल असा.

खिडकी हा सगळ्यात मोठा त्रास. बाहेर ऊन आणि आत अंधार. आतलं दिसेल असा फोटो काढला तर खिडकी पांढरीफट्ट होते, बाहेरचं दिसेल असा काढला तर खोली गुहेसारखी. म्हणून कॅमेरा न हलवता एकाच जागेवरून तीन फोटो घ्यायचे, एक खिडकीसाठी, एक खोलीसाठी, एक मधला. मग संगणकावर तिन्ही एकावर एक बसवायचे. पंखा बंद करायचा, नाही तर तो भुतासारखा दिसतो. पांढरी ट्यूब नि पिवळा दिवा दोन्ही एकदम लावायचे नाहीत, भिंत अर्धी निळी अर्धी पिवळी येते. संडासाचं झाकण बंद. सिंकमधली भांडी उचलायची, ओट्यावरची घासणी लपवायची, दोरीवरचे कपडे काढायला सांगायचं. पूर्वेची खिडकी असेल तर सकाळी जायचं, पश्चिमेची असेल तर चारनंतर.

देव्हारा दिसत असेल तर आधी विचारायचं. काहींना आवडत नाही, आणि का आवडत नाही ते आपण विचारायचं नाही. भिंतीवरचे लेकरांचे फोटो, दारावरची नावाची पाटी, औषधांच्या बाटल्या, फ्रीजवर चिकटवलेला रिपोर्ट, हे काही फोटोत येऊ द्यायचं नाही. तो फोटो कुणाकुणाच्या फोनवर जाणार ते आपल्या हातात नसतं.

आम्हा बायकांना या कामात एक फायदा आहे. घरांचे फोटो दुपारी काढायचे असतात आणि दुपारी घरात बाई एकटी असते. एजंटाने पुरुष फोटोग्राफर पाठवला तर ती म्हणते, “मालक घरी आल्यावर या.” आम्ही दोघी गेलो की दार उघडतं, पाणी मिळतं, बऱ्याचदा चहाही. आणि चहासोबत घराची सगळी कुंडली कळते. नळाला पाणी दिवसाआड येतं, टँकरचे पैसे वेगळे लागतात, लिफ्ट गणपतीपासून बंद आहे, वरच्या बाथरूमचं पाणी आमच्या मोरीत झिरपतं. एजंटाला जे माहीत नसतं किंवा माहीत असून जे तो बोलत नाही, ते आम्हाला पहिल्या अर्ध्या तासात कळतं. त्या माहितीचं करायचं काय, हा प्रश्न सुरुवातीला आम्ही कधी मनावर घेतला नाही. आपलं काम फोटोचं, असं म्हणून सोडून दिलं.

आम्ही नेहमी दोघी जातो. रिकाम्या फ्लॅटमध्ये तर एकटी कधीच नाही. चावी वॉचमनकडून घेतली की वहीत वेळ लिहायची, परत दिली की पुन्हा लिहायची. एका घरातून मिक्सर हरवला तेव्हा आधी आमचंच नाव घेतलं गेलं. त्या वहीमुळे सुटलो. मिक्सर मालकाच्या भावाने नेला होता.

पैशांचं बोलू. आज वन बीएचकेचे आम्ही ६०० रुपये घेतो, टू बीएचकेचे ८००, व्हिडिओचे वेगळे. महिन्याला चौघींत मिळून ३० ते ४० घरं होतात, पितृपक्षात नि भर पावसात निम्मी. सुरुवातीला एजंट म्हणायचे, “घर गेलं की देतो.” घर कधी जातंच नाही, किंवा गेलं तरी आपल्याला कळत नाही. एका वर्षात ११ हजार रुपये असे बुडाले. आता निम्मे आधी नि निम्मे फोटो देताना, असा नियम आहे. मोफत होणारी उद्यम नोंदणीही करून घेतली. ती आधार क्रमांकावर होते, एजंट लागत नाही. आपण अशी नोंदणी केलेला लहान व्यवसाय असू तर २००६ च्या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यायचे असतात. कायदा दाखवून भांडायची वेळ आमच्यावर आली नाही, पण बिलावर तो क्रमांक दिसला की समोरचा जरा नीट बोलतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आपण काढलेला फोटो आपलाच, असं आम्ही धरून चाललो होतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा वेगळं सांगतो. कुणी पैसे देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणून जे ठरवायचं ते कामाच्या आधी कागदावर ठरवायचं. आमच्या बिलाच्या मागे आता दोन ओळी छापलेल्या आहेत. फोटो याच घराच्या जाहिरातीसाठी वापरायचे, आणि मूळ फोटोंची प्रत आमच्याकडे राहील. ही दुसरी ओळ का आली, ते सांगायलाच खरं तर आज आलो आहोत.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. वसई पूर्वेला एका जुन्या इमारतीत तळमजल्याचं घर होतं, वन बीएचके, हेवी डिपॉझिटवर द्यायचं. हेवी डिपॉझिट म्हणजे मोठी रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं, आणि घर सोडताना रक्कम परत. ज्यांच्याकडे गाव विकून, दागिना मोडून थोडे पैसे हातात आलेले असतात, पण दरमहा भाड्याची शाश्वती नसते, ते असं घर घेतात. घर रिकामं होतं. हॉलच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर एक रेघ होती. पिवळट, सरळ, चारही भिंतींवरून गेलेली. तळमजल्यावर पाणी भरलं आणि काही वेळ तसंच राहिलं की अशी रेघ उमटते. आमच्या भागात ती सगळ्यांना ओळखता येते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं होतं, गाड्या बंद, वीज बंद. त्यानंतर किती तरी तळमजल्यांच्या भिंतींवर ती रेघ होती. त्याच्या आधीही होती, नंतरही आहे.

आम्ही रेघ दिसेल तसेच फोटो काढून पाठवले. एजंटाचा फोन आला, “ताई, ती भिंत जरा साफ करा ना. तुम्ही आरशातली माणसं काढता, तसंच.” मालक रंग मारणारच आहे, असंही तो म्हणाला. संगणकावर दहा मिनिटांचं काम. आम्ही केलं. त्याचे १०० रुपये जास्त घेतले. आपल्याला हे इतकं छान जमतं याचा त्या दिवशी आम्हाला आनंदही झाला होता, हे लपवत नाही.

ऑगस्टमध्ये त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काम निघालं. आम्ही जिन्याजवळ बूट काढत होतो, तेवढ्यात तळमजल्याच्या दारातून एका ताईंनी हाक मारली. हातातला कॅमेरा बघून त्यांनी विचारलं, “तुम्हीच का घरांचे फोटो काढता?” त्या चार घरी धुणी-भांडी करणाऱ्या. नवरा नाही, दोन मुली. गावाकडच्या जमिनीचा वाटा आला होता, त्यात आपल्या बचत गटातलं कर्ज घालून त्यांनी ३ लाख डिपॉझिट भरलं होतं. जुलैत दोन वेळा घरात पाणी शिरलं. लाकडी कपाट फुगलं, मुलींची पुस्तकं गेली, शिलाई मशीनची मोटर जळली. घर बघायला आल्या होत्या तेव्हा रंग नवा होता. त्या म्हणाल्या, “मी कामावर असते हो, मला दोनदा बघायला यायला जमलं नाही. फोटोत भिंत स्वच्छ होती.”

आम्ही काही बोललो नाही. वर गेलो, फोटो काढले, खाली आलो, मान खाली घालून बाहेर पडलो.

पुढचा महिनाभर आमच्यात भांडण चाललं होतं. एक म्हणायची, आपण सांगकामे आहोत, दोष एजंटाचा नि मालकाचा. दुसरी म्हणायची, मालकाने रंग मारलाच ना, आपण नसतं केलं तरी रंगाने केलं असतं. हे अगदी चूक नव्हतं. तिसरी म्हणाली, ती बाई आपल्यासारखी गटातली बाई आहे, आणि तिच्या गटात कर्ज मंजूर करताना सगळ्यांनी हेच फोटो बघितले असतील. या वाक्यानंतर कुणी काही बोललं नाही. चौथी कामच सोडते म्हणाली. सोडलं नाही, पण म्हणाली.

शेवटी आमच्यातल्या दोघी गेल्या. मूळ फोटो आमच्याकडे होता, योगायोगाने पुसायचा राहिला होता. रेघ असलेला, तारखेसकट. तो त्यांना दिला आणि आम्ही काय केलं ते सांगितलं. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून बघितले. बराच वेळ. मग विचारलं, “याचे किती घेतले?” आम्ही सांगितलं. “शंभर?” एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या भाडेकराराची नोंदणी झालेली होती, हे बरं होतं. आपल्या राज्यात भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा असा कायदाच आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीचा कागद आणि तो जुना फोटो घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी नि त्यांच्या गटाच्या अध्यक्षा मालकाकडे गेल्या. मालकाने मुदतीआधी घर सोडू दिलं आणि डिपॉझिट तीन हप्त्यांत परत दिलं. कपाट, मशीन, पुस्तकं यांचं काही मिळालं नाही. आमच्यावर त्यांनी राग धरला की नाही ते सांगता येणार नाही. रस्त्यात भेटल्या तर मान हलवतात.

त्या एजंटाने आमचं काम बंद केलं. त्याच्यासोबत आणखी दोघांनी केलं. एक तृतीयांश कमाई गेली, आणि घरी नवऱ्यांना त्याचं कारण सांगणं हे वेगळंच प्रकरण होतं. ते आता सोडून देऊ.

तेव्हापासून आमचे काही नियम आहेत. आरशातली आम्ही, जमिनीवरची वायर, दोरीवरचा टॉवेल हे फोटोतून काढू. भिंत, छत, खिडकीबाहेरचं दृश्य यांना हात लावणार नाही. ओल, भेगा, सुटलेले पापुद्रे, स्लॅबमधून दिसणारी सळई हे जसं आहे तसं. समोरचा नाला फोटोत येत असेल तर येईल. रुंद लेन्स अगदी टोकाला लावली की दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते, एजंटांना ते फार आवडतं. आम्ही तिथवर जात नाही, आणि एका फोटोत तरी खुर्ची किंवा दार येऊ देतो, म्हणजे बघणाऱ्याला अंदाज येतो. तळमजल्याचं घर असेल तर पावसाळ्यात पाणी येतं का, हे शेजारच्या बाईला विचारतो आणि उत्तर एजंटाला लिहून पाठवतो. त्याने ते पुढे सांगितलं की नाही ते आमच्या हातात नाही, पण आम्ही पाठवल्याची नोंद राहते. उन्हाळ्यात काढलेल्या फोटोवर महिना लिहितो. एका एजंटाला याची इतकी चीड आली की म्हणाला, “तुम्ही फोटो काढता की पंचनामा करता?” पण असेही एजंट आहेत ज्यांना हे पटलं. त्यांचं म्हणणं साधं आहे, गिऱ्हाईक घर बघून परत जाण्यापेक्षा फोटो बघूनच नको म्हणालं तर त्यांची चार फेऱ्यांची पायपीट वाचते. गेलेली कमाई दीड वर्षात भरून आली, तीही पूर्ण नाही.

नव्या इमारतींचं काम आलं की आता आम्ही आधी कागद विचारतो. फोटोवाल्या बायांनी कागद कशाला विचारायचे? आमच्या भागात राहत असाल तर हा प्रश्न पडणार नाही. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागातल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाडल्या, २०२५ च्या सुरुवातीपर्यंत. सांडपाणी प्रकल्प नि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर त्या उभ्या होत्या. आत राहणारी कुटुंबं अडीच हजारांच्या आसपास. त्यांनीही घर घेताना कुठे ना कुठे फोटो बघितलेच असतील, आणि घर फोटोत छानच दिसलं असेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, गणेश चतुर्थी उजाडायच्या मध्यरात्री, विरार पूर्वेच्या विजय नगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. १७ माणसं गेली. त्या संध्याकाळी तिथे एका वर्षाच्या मुलीचा वाढदिवस झाला होता. आमच्यापैकी एकीचं घर तिथून फार लांब नाही. त्या दिवशी गणपती बसले, पण आरतीला कुणाचा आवाज निघेना.

तर कागद कोणते? २०१६ चा रेरा कायदा आहे, आपल्याकडे त्याचं काम महारेरा बघतं. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि घरंही आठपेक्षा जास्त असतील तर त्या नव्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही. नोंदणीचा क्रमांक ‘पी’ने सुरू होतो, जाहिरातीवर तो लागतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून सोबत क्यूआर कोडही लागतो. फोनने तो कोड उघडला की प्रकल्पाची माहिती दिसते. आम्ही काढलेले फोटो जाहिरातच असतात, म्हणून क्रमांक नसेल तर काम घेत नाही. याच कायद्यात असंही आहे की जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. आमच्या फोटोला एवढं वजन आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पण नुसत्या क्रमांकावर भुलू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले होते, नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. म्हणून बांधकाम परवानगी महापालिकेच्या कचेरीत जाऊन खरी आहे का ते बघायचं. इमारत पूर्ण झाली असेल तर भोगवटा दाखला, ज्याला सगळे ओसी म्हणतात, तो मागायचा. आणि जमिनीचा सातबारा. जुनं घर पुन्हा विकलं जात असेल तर ते बहुतेक वेळा रेराच्या बाहेर असतं, तिथे ओसी नि सोसायटीचे कागदच बघावे लागतात. आणि हो, घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून. तीस लाखांच्या घराला तीस हजार. नवऱ्याला हा आकडा सांगून बघा.

तुमच्या गावात फ्लॅट नसतील, पण एजंट तुमच्याकडेही पोहोचला आहे. वाढवण बंदराचं नाव निघाल्यापासून पालघर, बोईसर, डहाणूकडे जमिनीचे दलाल वाढलेत. आम्हालाही डोंगराच्या पायथ्याचे प्लॉट काढायला बोलावतात, समोर ओहोळ, मागे हिरवा डोंगर, फोटो सुंदरच येतो. आम्ही सातबारा मागतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी माणसाला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, ते जमीन महसूल कायद्यातच आहे. परवानगी नसताना ‘सेकंड होम’ म्हणून तिचे फोटो फिरत असतील तर तुमच्या गावातल्या कुणाची तरी जमीन तोंडी व्यवहारात अडकलेली असू शकते. असा फोटो फोनवर दिसला, जागा ओळखीची वाटली, तर ज्याची जमीन आहे त्याला दाखवा. दोन वेळा असं झालं की मालकालाच माहीत नव्हतं की आपल्या शेताची जाहिरात चालू आहे.

आता तुमच्यापैकी कुणाला हे काम करायचं असेल तर कॅमेरा लगेच घेऊ नका. फोन नि ६०० रुपयांची तिपाई पुरे. स्वतःच्या घरापासून सुरुवात करा, एकच खोली सकाळी, दुपारी, संध्याकाळी काढून बघा, उजेड कसा बदलतो ते कळेल. मग गटातल्या बायांची घरं काढा. जव्हारकडे घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या बाया आहेत, त्यांना असे फोटो लागतात. तिथे एक लक्षात ठेवा. पाहुणा फोटो बघून इतक्या लांबून येणार आहे, म्हणून संडास, न्हाणीघर नि झोपायची जागा यांचे फोटो आधी काढा, वारली चित्रांची भिंत नंतर.

दिवाळीनंतर आम्ही दोन दिवस जव्हारला येणार आहोत, तिथल्या गटांसोबत फोटो काढायला. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे नाव द्या. फोन चार्ज करून आणा आणि त्यात जागा रिकामी ठेवा, मागच्या वेळी निम्म्या जणींचे फोन सकाळच्या शुभेच्छांनीच भरलेले होते.